मागच्या माणसाची जागा

धर्मापुरी, बुधवार

प्रिय आक्का,

पत्र बघून दचकू नकोस. माय बरी आहे, आबा बरे आहेत, काळ्या शेळीला दोन करडं झाली, तीही बरी आहेत. फोन असताना कागद कावून धरला, त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस. शाळेत धडा सोडून खालचे प्रश्न आधी वाचणारी तू. पत्र भागवत आणून देईल. तेलगावात ज्याच्या मोबाइलच्या दुकानात मी सध्या फुटक्या काचा बदलायला बसतो, तोच हा भागवत. शुक्रवारी तो डिस्प्ले आणि बॅटऱ्या आणायला पुण्याला निघतोय, म्हणजे शनिवारी हे तुझ्या हातात पडेल, तुझा रविवार उजाडायच्या आत. त्याला चहा पाज. जेवणार का म्हणून विचारू नकोस, तो खरंच जेवतो.

रविवारचं मी विसरलेलो नाही. तू फोनवर म्हणालीस, "बज्या, रविवारी मी आणि करिष्मा बसून ठरवणार आहोत, गेम पुढं न्यायचा का बंद करायचा. दोन वर्षं झाली. तिनं प्रोग्राम लिहिला, मी चित्रं काढली, आणि जो तो म्हणतो चित्रं लई सुंदर, अन् दहा मिनिटांत फोन खाली ठेवतो. तू खेळ आणि खरं सांग. गोड बोललास तर बघ." तुझा आवाज तेव्हा अगदी सपाट होता. कळप विकला त्या दिवशी होता ना, काहीच झालं नाही असा, तसा. आणि फोन ठेवता ठेवता अट घातलीस की आबांना यातलं काही दाखवायचं नाही. मी हो म्हणालो. मी हो लगेच म्हणतो, ते तुला माहीतच आहे.

तर आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. गेम उघडला की सकाळ होते, ती सकाळ मी चार वेळा नुसती बघितली. आपल्या गावच्या देवळाच्या मागून उजेड वर सरकतो आणि भिंतीवरची दगडी माणसं एकेक करून जागी झाल्यासारखी दिसतात. एकाचं नाक झिजलेलं आहे, ते तू झिजलेलंच ठेवलंस. मला खात्री वाटेना, म्हणून गाडी काढून देवळात बघायला गेलो, खरंच तसं आहे का. आहे. जन्म इथं गेला आणि मला ते नाक तुझ्या गेममुळं दिसलं. येताना रस्त्यात एक कलिंगडाचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. त्याला चाक बदलून दिलं, तो परळीला चालला होता, गाडी तिथंच लावून मीही बसलो, परळीत त्याचा भाऊ भेटला, त्याच्याकडं मोटारीचं वायंडिंग चालू होतं, ते बघत बसलो, आणि घरी तिसऱ्या दिवशी आलो. मायनं विचारलं, "कुठं गेलतास?" मी म्हणालो, "आक्काचं एक नाक बघायला." तिनं ताट वाढलं. तिला आता सवय झाली आहे.

आणि धूळ. आक्का, धूळ कुणी इतकी चांगली काढली असेल असं मला वाटत नाही. दिवस कलला की मेंढरांच्या पायांतून उठते आणि उन्हात हळदीसारखी पिवळी होते, मग त्यात पुढचं सगळं विरघळतं, डोंगर, बाभळी, सगळं. मोहिनीवहिनी, म्हणजे भागवतची बायको, ती गेम लावून फोन चुलीजवळ उभा करून ठेवते आणि भाकरी थापते. मेंढरं आपली पहिल्याच शेतापाशी उभी. मी म्हणालो, वहिनी, चालवा की पुढं. म्हणाली, "चालवाया गेलं की बिगडतंय भावजी. नुसतं बघायलाच ग्वाड हाय." तिनं एका वाक्यात तुझ्या गेमचं जे दुखणं सांगितलं, ते मला सांगायला आता दोन पानं लागणार आहेत.

दुखणं असं. चाळीस मेंढरं देवळापासून न्यायची, ओढा ओलांडायचा, डोंगराच्या पलीकडं चराई गाठायची आणि दिवस बुडायच्या आत परत यायचं. ऐकायला सोपं. पण तुझा तो धनगर मेंढरांच्या मागं उभा असतो आणि अंगठ्यानं त्याला सरकवत मेंढरं पुढं हाकलायची. एक बाजू हाकली की दुसरी पांगते. डावीकडच्या पाचांना आणायला गेलं की उजवीकडची बारा ज्वारीत शिरतात. ज्वारीवाला काठी घेऊन येतो, आणि मग सगळं परत देवळापासून. मधी कुठं थांबा नाही, विसावा नाही. वर कोपऱ्यात तो आकडा, चाळीस, एकोणचाळीस, अडतीस, कमी होईल तसा लाल. कुत्र्याचं बटण नेमकं जिथं अंगठा टेकतो तिथं, म्हणजे मी धनगराला वळवायला जातो आणि कुत्रं सुटतं, मेंढरं दहा दिशांना. आधी मला वाटलं माझ्याच फोनच्या काचेत खोट आहे. काच बदलली. मग वाटलं अंगठाच खडबडीत आहे, चार महिने गॅरेजला काम केलेला. मग दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका डॉक्टरच्या भारी फोनवर खेळलो. तरी तेच. भागवत शेजारी बसून बघत होता, म्हणाला, "बे बज्या, ह्या मेंढरापरीस आपलं गिऱ्हाईक बरं, निदान हाक मारली तर वळून तरी बघतं."

ओढ्याच्या पुढं मी एकदाही गेलो नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही. तो ओढा तू किती जीव लावून काढलास ते दिसतं, पाण्यात आभाळ आहे, खेकड्याचं बीळ आहे, आणि काठावर तो वाकडा करंज. पण मेंढरं पाण्यात पाय घालत नाहीत. एकेकाला मागून ढकलावं लागतं. तीन गेली की चौथं बिचकतं, चौथं बिचकलं की तिन्ही माघारी येतात. शेवटी राग येतो, आणि आक्का, राग कुणाचा येतो ते सांगू का, मेंढरांचा येतो. आपण दोघं मेंढरांत वाढलो, हिवाळ्यात त्यांच्यातच झोपलो, मला आयुष्यात कधी मेंढराचा राग आला नव्हता. तुझ्या गेमनं आणला. हे तुला लागेल, पण गोड बोलू नको म्हणालीस.

भागवतचं म्हणणं, सोपं करून टाक, मेंढरं कमी कर, आकडा काढ, मधी थांबे दे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण मग एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं गेम खेळला. त्याला फोन नीट धरता येत नव्हता, वाटीसारखा दोन्ही हातांत धरलेला. मी सांगितलं, हा माणूस, याला बोटानं सरकवा, मेंढरं हाकला. म्हातारा ऐकेना. तो पुन्हा पुन्हा बोट मेंढरांच्या पुढं ठेवायचा, जिथं काहीच नाही, नुसता रस्ता. धनगराला ओढत ओढत कळपातून पुढं न्यायला बघायचा. आणि तुझी मेंढरं त्याला बघून बाजूला उधळायची. चार वेळा झालं. मग म्हातारा फोन मांडीवर ठेवून म्हणाला, "ही मेंढरं धनगराला भित्यात. असं कुठं असतंय का? लांडगा हाय का त्यो?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. इतके दिवस मी खेळतोय आणि मला ते दिसलं नव्हतं. तू मेंढरांना शिकवलंस की धनगर जवळ आला की पुढं पळायचं. म्हणून तर हाकलता येतात. पण मेंढरं हाकलून कुठं चालतात गं? ती मागं येतात. पुढं कुणीतरी ओळखीचं चालतंय, एवढंच त्यांना कळावं लागतं. म्हातारा म्हणाला, ओढ्यात मेंढरू ढकलायचं नसतं. पिलू उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, आपण पाण्यात उतरायचं, आणि मागं वळून बघायचं नाही. वळून बघितलं की मेंढराला वाटतं, ह्यालाच खात्री न्हाई.

मी हे लिहितोय आणि मला आपली चाल आठवतेय. दिवाळी झाली की आपण निघायचो. पुढं आबा, घोंगडी खांद्यावर, पाय ओढत. त्यांच्या मागं सरदार, तो शिंग मोडलेला बोकड, गळ्यात घंटी. सरदारच्या मागं सगळा कळप, मग घोडं आणि त्याच्यावर आपला संसार, घोड्याबरोबर माय. मी आबांच्या हाताशी, एकदम पुढं. आणि तू सगळ्यांत शेवटी, धुळीत, तोंडाला ओढणी बांधून, नव्या पिलांची झोळी पाठीला. मला तेव्हा लई रुबाब वाटायचा. गावात शिरताना लोक मला आधी बघायचे. तू दिसायचीस ती धूळ खाली बसल्यावर.

तू गेम बनवलास तो त्या शेवटच्या जागेवरून. मला हे आत्ता कळतंय. गेममध्ये जे दिसतं, मेंढरांच्या पाठी, पिवळी धूळ, लांब विरघळलेले डोंगर, ते सगळं तुला मागून दिसलेलं आहे. मी जन्मात असं बघितलं नाही. माझ्या डोळ्यासमोर नेहमी नुसता रिकामा रस्ता. म्हणून तुझी चित्रं इतकी खरी आहेत आणि म्हणूनच, मला वाटतं, खेळायला गेलं की सगळं पांगतं.

कळप विकला त्या दिवशी तू जे बोललीस ते मी विसरलो नाही. अंगणात व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता, तुझी बॅग भरलेली होती, आणि तू आबांना म्हणालीस, "सात वर्सं तुमची धूळ खाल्ली म्या. बज्याला पुढं घेतलं. मला एक दिस तरी पुढं घेतलं का?" आबा लोकरीचं सूत पिळत बसले होते, ते पिळतच राहिले. तेव्हापासून तीन वर्षं तुमचं बोलणं म्हणजे मायच्या फोनवरून "जेवली का विचार" आणि "जेवले का विचार". आणि खरं सांगू, मलाही तेव्हा वाटलं होतं की तू बरोबर बोललीस. पोरगं पुढं, पोरगी मागं, असंच असणार.

आता एक राहिलेलं सांगायचं आहे. मधी उठून करडांना पाणी दाखवून आलो. एकानं माझ्या चपलेचा पट्टा चघळून ठेवलाय. असो.

ते म्हातारं गिऱ्हाईक दुकानातलं नव्हतं. ते आबा होते.

मी मुद्दाम दाखवला नाही. गेल्या गुरुवारी दुपारी मी ओट्यावर बसून खेळत होतो, आवाज मोठा राहिला. आबा आत बाजेवर पडले होते. आतूनच म्हणाले, "बज्या, कुणाची मेंढरं उतरली रं?" मी म्हणालो, कुणाची नाहीत. तरी काठी टेकत बाहेर आले आणि रस्त्याकडं बघत उभे राहिले. रस्ता मोकळा. माझ्या हातातला फोन ओरडतोय. आबांनी कान दिला आणि म्हणाले, "ही तर आपली मोरी मेंढी हाय." मी म्हणालो, आबा, गेम आहे. ते म्हणाले, "असंल. पण ही मोरी हाय. पिलू सापडंना की अशी वरडायची. आन् ही बांडी. आन् सरदार कुठाय, सरदारची घंटी न्हाई यात." मग मला आठवलं. ट्रक यायच्या आदल्या दिवशी तू मोबाइल घेऊन कळपात बसली होतीस, गुडघ्यात डोकं घालून. मला वाटलं रडतेस. तू आवाज धरत होतीस.

मग फोन लपवण्यात काय अर्थ होता. दिला हातात. त्यांनी देऊळ बघितलं, दगडी माणसं बघितली, ते नाक बघून हसले. धनगर दिसल्यावर मात्र त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. पाय ओढत चालणं तू तसंच घेतलंय, घोंगडी टाकायची तऱ्हा तीच. मला वाटलं, आता चिडतात, विचारल्याशिवाय काढलं म्हणून. तर त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवत मेंढरं मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "पोरगी कुठाय?"

मी म्हणालो, कोण पोरगी?

"मागची. मागं पोरगी न्हाई यात." मी म्हणालो, आबा, मागं धनगर आहे की. तर म्हणाले, "म्या कवा मागं होतो? तिनं मला तिच्या जाग्यावर हुबं केलंय, आन् सवताला काढून टाकलंय. मग पांगणार न्हाईत तर काय. मागं माणूस न्हाई."

त्यानंतर ते रोज खेळतात. माझा फोन जवळपास त्यांचाच झालाय. हरतात, आणि हरले की तुझ्या करिष्माला चार शब्द सुनावतात. तिला सांगू नकोस. मायनंही एकदा खेळून बघितला. कुत्र्याचं बटण तिला आवडलं, तेवढंच दाबत बसली.

काल सकाळी आबा म्हणाले, चल, ओढ्याला जाऊ. चार शेळ्या आणि दोन करडं एवढंच आता आपलं खांड. मी सवयीनं पुढं, त्यांच्या हाताशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी काठीनं मागं दाखवलं. म्हणाले, "आज तू मागं." आक्का, वयाच्या चोविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मागं चाललो. धूळ खरंच नाकातोंडात जाते. पुढं आबांची पाठ दिसते, आणि ती मी कधी बघितलेली नव्हती, सदऱ्याला मधोमध मायनं लावलेलं ठिगळ आहे. ओढ्याला गुडघाभर पाणी. आबांनी एक करडू उचलून खांद्यावर घेतलं, त्या दुखऱ्या पायानं पाण्यात उतरले आणि चालू लागले. वळून बघितलं नाही. काळी शेळी काठावर दोनदा इकडं तिकडं झाली आणि उतरली, तिच्या मागं बाकीच्या. दुसरं करडू मात्र मागंच राहिलं, माझ्या पायाशी, थरथरत. ते मला उचलावं लागलं. आणि ते उचलताना मला कळलं की पुढं चालणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं. मी तिथं नसतो तर ते तिथंच राहिलं असतं.

पलीकडं जाऊन आबा दगडावर बसले, पाय पाण्यात. तेव्हा मी विचारलं. सरळच विचारलं, आक्काला कधीच पुढं का घेतलं नाही? त्यांनी करडू मांडीवर घेतलं. करडाचे कान पुसत म्हणाले, "पुढं कुणीबी चालतंय. पुढच्याला नुसता रस्ता धराचा असतोय. मागं भरवशाचं माणूस लागतंय. लंगडं, नवं जलमल्यालं, दमल्यालं, सगळं मागं ऱ्हातंय. तितं डोळं लागत्यात, आन् जीव लागतोय. तुझी माय घोड्यात गुतल्याली. म्या पुढं. मग मागं कोण ठिवाचं, तुला?" मी म्हणालो, मला का नाही? तर माझ्याकडं बघून हसले. "तुला हाताशी कावून धरलं तुला अजून कळलं न्हाई? मागं ठिवला असता तर तू कुण्या टेम्पोत बसून गेला असता."

मी सात वर्षं ज्याला रुबाब समजत होतो तो हा. सांगायला लाज वाटते, पण तुला हसू येईल म्हणून लिहिलं.

मग मी म्हणालो, हे तुम्ही तिला तेव्हा का नाही सांगितलं, ट्रक उभा होता तेव्हा? आबा म्हणाले, "कळप कावून इकला, तेच तिला कळलं असतं. ती पुण्याला चालल्याली. मागं माणूस उरलं न्हाई, म्हणून इकला. ते सांगटलं असतं तर ती गेली नसती." एवढं बोलून उठले आणि परत पाण्यात उतरले. मी मागून.

आता तुझ्या रविवारचं. गेम बंद करायचा का ठेवायचा, ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं कळत नाही. आबांनाही विचारलं. ते म्हणाले, तिचं काम हाय, ती बघंल. पण चित्रातली एक रेघ बदलू नकोस. धूळ, नाक, पाण्यातलं आभाळ, सगळं राहू दे. नुसती माणसं आपापल्या जागेवर ठेवून बघ. आबांना पुढं ने, मेंढरांना त्यांची भीती नको, घंटीच्या मागं येऊ देत. आणि खेळणाऱ्याच्या हातात मागची पोरगी दे. त्यानं हाकलायचं नाही, कुणी मागं राहिलंय का ते बघायचं, उचलायचं आणि गाठायचं. कदाचित तेही दहा मिनिटांत कंटाळवाणं होईल. पण मी काल अर्धा तास ते खरोखर केलं आणि मला कुठं दुसरीकडं जावंसं वाटलं नाही. माझ्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे ते तुला माहीत आहे.

आता कागद कावून धरला ते. हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो तर आबांचं नाव निघाल्याबरोबर तू "बरं, ठेवते" म्हणाली असतीस, दर वेळी म्हणतेस. आणि दोन वस्तू आहेत ज्या फोनवरून येत नाहीत. फडक्यात गुंडाळलेली ती सरदारची घंटी आहे. आबांनी ती व्यापाऱ्याला दिली नव्हती, बाजेच्या पायाला बांधून ठेवली होती. तुझ्या गेममध्ये ती नाही म्हणून काढून दिली. दुसरं, काडेपेटीत मेमरी कार्ड आहे, सांभाळून काढ. त्यात आबांची हाळी आहे. आठवते ना, धुळीत दिसायचं नाही म्हणून ते वळून न बघता थोड्या थोड्या वेळानं ओरडायचे, "हाय का गं ऽऽ", आणि तू मागून "हाय ऽऽ" म्हणालीस की मगच पुढचं पाऊल टाकायचे. काल ओढ्यावर त्यांनी सात वेळा हाळी दिली, मी फोनवर धरली. पण तू ऐकशील तेव्हा तुला वाटेल कार्ड खराब आहे, कारण प्रत्येक हाळीनंतर बराच वेळ नुसतं पाणी वाजतं. कार्ड चांगलं आहे. मी आबांना म्हणालो, मधी एवढं कावून थांबता, सलग द्या की. ते म्हणाले, "जागा सोडलीय. तिचं उत्तर यिऊ दे."

तुझाच,
आता कधीमधी मागं चालणारा
बज्या